थोरल्या भावामागं घराची गादी माझ्याकडे आली. दसऱ्याला मी बसू की पुतण्याला बसवू?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. निपाणीच्या बाजूला, वेदगंगेच्या काठावर आमचं गाव. नाव लिहीत नाही, लिहिलं तर घर लगेच ओळखू येईल. आमचं घर सरदेसायांचं. देसगतीचं वतन 1951 साली कायद्यानं गेलं, मागोमाग इनामं गेली आणि कुळांकडच्या जमिनी 1974 च्या कूळकायद्यात. कुळांनी जमिनीवर हक्क सांगणारे सात नंबरचे फॉर्म भरले तेव्हा आजोबांनी एकाही कुळाशी तंटा केला नाही. त्यामुळं असेल, पण गाव आजही वाड्याला धरून आहे. आता घरच्या कसणुकीची 22 एकर, वाडा आणि दसऱ्याचा मान, एवढंच उरलंय. दसऱ्याला सदरेवर गादी घालतात, घरचा कर्ता बसतो, गाव सोनं द्यायला येतं, आणि शिवेवर आपट्याच्या फांदीला पहिली तलवार त्यानंच लावायची.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी थोरले. आबा गेले तेव्हा मी 11 वर्षांचा होतो, दादांनीच मला वाढवलं. यंदा आषाढात दादा उसाला खत टाकून घरी आले, पाणी मागितलं आणि सोप्यात बसल्या जागी गेले. वय 43. घरात आई, वहिनी, 9 वर्षांचा पुतण्या, 6 वर्षांची पुतणी आणि मी. मधली आक्का गडहिंग्लजला दिलेली आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.

मी कसा जगलो ते खरं खरं लिहितो, नाहीतर सल्ला देणाऱ्यांना अंदाज येणार नाही. कोल्हापूरला कॉलेजला राहिलो, डिग्री अर्धी सोडली. जीप घेतली. मित्रांना घेऊन आंबोलीवरून गोव्याला जायचं, चार दिवसांचे आठ दिवस करायचे. उंची कपडे, अत्तर, रात्ररात्र गाण्याच्या बैठका. आणि घोडा. आमच्याकडं एका बाजूला घोडा, एका बाजूला बैल जुंपून शर्यत लावतात, त्याचं वेड मला सोळाव्या वर्षापासून आहे. मैदान चिंचलीकडं असो की अथणीकडं, मी तिथं असायचोच. आई बोलायची. दादा कधीच बोलले नाहीत. एकदा त्यांनी मला सांगितलं होतं, "एकानं घर राखायचं, एकानं जगायचं. तू जग." मी ते खरं धरून चाललो.

तेराव्याला मामांनी पुतण्याला पागोटं बांधलं. पोरग्याच्या डोळ्यावर घसरत होतं, तो एका हातानं सावरत बसला होता. मग दुसरं पागोटं मला बांधलं. दोन पागोटी का, हे कुणी विचारलं नाही. रात्री वहिनींनी ताटलीत किल्ल्यांचा जुडगा ठेवून माझ्यापुढं सरकवला आणि आत गेल्या.

कपाटात दादांच्या वह्या होत्या. खत, मजुरी, पीकेपीएसचं म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेचं कर्ज, शाळेची फी, सगळं बारीक अक्षरात. त्यात तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात एक ओळ होती: "धाकट्याचा घोडा, 1,40,000. हिच्या पाटल्या ठेवून." हप्त्यांचं व्याज त्यांनी दर महिन्याला लिहून ठेवलंय. घोडा आला त्या दिवशी वहिनींनी त्याला ओवाळलं होतं. पाटल्या त्याआधीच गेल्या होत्या.

तेव्हापासून मला त्या जुडग्याला हात लावावासा वाटत नाही. जमिनीचे उतारे, बँकेची पत्रं सगळी कन्नडात. बोलता मला येतं, वाचता येत नाही, ते सगळं दादा बघायचे. आता दसरा दीड महिन्यावर आलाय. गावचे पंच म्हणतात तुम्हीच बसा. वहिनी म्हणतात, "मोठं माणूस बसलं पाहिजे." मला वाटतं ती जागा दादांच्या मुलाची आहे. कायद्यानं घराचा कर्ता कोण? आणि घोड्याचं काय करू? विकून मोकळा झालो तर दादांनी हौसेनं घेऊन दिलेली एकच वस्तू जाईल. ठेवला तर वहिनी रोज त्याच्यासमोरून जाणार.

चिकोडी कोर्ट

तुमच्या दादांबद्दल वाईट वाटलं. कायद्याचं तेवढं सांगतो.

वाटणी झाली नसेल तर एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणजे हिस्सेदारांतला वयानं सगळ्यांत मोठा. पुतण्या कायद्यानं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला आहे, त्यामुळं तो नाही. पण तुम्हीच, असंही लगेच म्हणू नका. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं हिस्सेदार झाली. वडील त्याआधी वारले असले तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलंय. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणजे तुमच्या आक्का हिस्सेदार आहेत आणि तुमच्याहून मोठ्या आहेत. थोरली मुलगी कर्ता होऊ शकते, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आहे. तेव्हा आधी आक्कांना बोलवा. त्या म्हणतील "तूच बघ", पण ते त्यांच्या तोंडून येऊ द्या आणि कागदावर येऊ द्या.

दुसरी गोष्ट. दादांच्या स्वतःच्या हिश्श्यात तुमचा वाटा नाही. मृत्युपत्र नसेल तर तो आई, वहिनी आणि त्यांची दोन्ही मुलं यांचा. वारसा लावताना पुतणीचं नाव गाळू नका, लहान आहे म्हणून बरेच जण गाळतात आणि वीस वर्षांनी तेच खटले आमच्याकडं येतात. पीकेपीएसचं कर्ज कुणाच्या नावावर, जामीन कोण, ते पाहा. तुम्ही जामीन नसाल तर दादांच्या वैयक्तिक कर्जाला तुम्ही स्वतः बांधील नाही, फक्त त्यांच्या मागं राहिलेल्या मिळकतीपुरती वसुली होते. पण कर्ता म्हणून घरासाठी काढलेलं कर्ज घरच्या मिळकतीवर बसतं. इथून पुढं तुम्ही काढाल ते कर्ज खरंच घराच्या गरजेचं असलं पाहिजे. शर्यतीचा घोडा त्यात बसत नाही.

कन्नड वाचायला शिका. पहाणीपत्रक, म्हणजे जमिनीचा उतारा, दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्याचे हाल मी रोज बघतो.

जुना मास्तर

घर कुठलं असेल याचा मला अंदाज आहे, तो माझ्यापाशी ठेवतो. 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले होते तेव्हा मी निपाणीत शिकवत होतो. आसपासच्या ज्या घरांतून भाकरीच्या बुट्ट्या यायच्या, ती घरं मला आठवतात.

गादी आणि कारभार ही एकच गोष्ट आहे असं तुम्ही धरून चाललाय. तुमच्या गावापासून घटकाभराच्या वाटेवर कागल आहे. तिथल्या घाटग्यांच्या घरातला यशवंतराव 17 मार्च 1884 ला कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. वय किती? 9 वर्षं. तुमच्या पुतण्याएवढंच. कारभार हातात आला 2 एप्रिल 1894 ला. मधली दहा वर्षं गादी पोराची होती आणि राज्य दुसरे चालवत होते. आधी त्याचे जन्मदाते आबासाहेबच कारभार बघत होते, ते 1886 ला वारले. तो राजकोटला शिकला, मग आपल्या धारवाडात राहून शिकला. इकडं कागलची जहागीर कुणाकडं आली? धाकट्या भावाकडं, बापूसाहेबांकडं. थोरला कोल्हापूरला गेला नसता तर ती त्यांच्या वाट्याला आली नसती. दोघा भावांचं शेवटपर्यंत पटलं.

शौकाचं म्हणाल तर शाहू महाराजांना कुस्ती, शिकार, हत्ती, घोडे, नाटक, सगळ्याचा नाद होता. गादीवर आल्यावर त्यांनी तो सोडला नाही. 1912 ला खासबागचं मैदान उभं केलं, 1915 ला शेजारी नाटकगृह. पूर्वी जे स्वतः बघत होते ते चार लोकांना बघायला मिळालं. तुमच्याकडं राज्य नाही, 22 एकर आहे, हे मला कळतं. तरी गाण्याच्या बैठकी गोव्यात करण्यापेक्षा सदरेवर करता येतील, गाव ऐकेल.

पोरग्याला गादीवर बसवा. तुम्ही खाली, उजव्या हाताला बसा. लोक कामं घेऊन तुमच्याकडंच येतील.

गडाखालची

मी तुमच्या वहिनींच्या जागेवर आहे. मालक जाऊन सहा वर्षं झाली, दोन मुली. म्हणून लिहिते.

किल्ल्या पुढं केल्या म्हणजे त्यांना त्या द्यायच्या होत्या असं नाही. आपल्याकडं द्यायच्या असतात म्हणून दिल्या. मीही दिल्या होत्या. दिरांनी घेतल्या, त्या दिवसापासून मी स्वतःच्या घरात साखर विचारून घेऊ लागले. तुम्ही जुडगा उचलून परत त्यांच्या हातात द्या, आणि वही घेऊन त्यांच्यापुढं बसा. दादांचं अक्षर त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं लागेल. कुठला खर्च कशापायी झाला हे वहीत नसतं, ते बाईला माहीत असतं.

पाटल्यांचं तुम्हाला आता कळलं, त्यांना तीन वर्षं माहीत होतं. तरी त्यांनी ओवाळलं. त्यामागं काय होतं ते इथं आम्हाला विचारू नका, त्यांना विचारा. विचारताना घोडा विकतो असं आधीच बोलून बसू नका, मग त्या "नको" म्हणणार आणि विषय तिथंच मिटणार.

आणि दसऱ्याला पोराला ओवाळायला कुणाला उभं करणार आहात? घरातली सवाष्ण म्हणून शेजारची काकी आणतील आणि त्याची आई दाराआड उभी राहील. आमच्याकडं असंच झालं. माझ्या मुलीनं मागं वळून दोनदा पाहिलं. तुम्ही आता घरातले कर्ते पुरुष असाल तर तेवढं एक तुमच्या शब्दानं बदलेल. पंच काय म्हणायचं ते म्हणतील.

मैदानी

भावा, घोड्याचं मी सांगतो, आमची दावण तीन पिढ्यांची हाय. घोडं किती वर्षांचं झालं? सात-आठच्या पुढं असंल तर आता त्याची किंमत निम्मी बी येणार नाही, आणि घेणारा त्याला मरंस्तवर पळवणार. पाटल्या त्यातनं सुटत न्हाईत. जीप विक की. जिपेला गिऱ्हाईक लगेच मिळतंय. घोड्याला चंदी लागती, जिपेला डिझेल, दोन्ही एकदम आता परवडणार न्हाई.

मैदानाला वर्षभर जाऊ नकोस. दुखवट्यात बरं दिसत न्हाई. रोजचा फेरा मात्र चुकवू नकोस, उभं घोडं पोटात कळ धरतंय.

वेदगंगाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, परवा दसरा झाला.

आक्काला बोलावलं. वकीलसाहेबांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आबा असते तर मला हे कुणी विचारलं नसतं." दोन दिवस राहिली, सगळे कागद तिनं स्वतः लावले, तिला कन्नड वाचता येतं. तिनं लिहून दिलंय की रोजचं मी बघायचं, पण विकणं, गहाण टाकणं आणि कर्ज काढणं यांवर तिची सही लागेल. मला ते फार बरं वाटलं.

ताईंनी लिहिलं तसं जुडगा वहिनींना परत दिला. त्यांनी तो कमरेला खोचला आणि दुसऱ्याच दिवशी वही घेऊन बसल्या. मी पाटल्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, दादांना लहानपणी घोड्याची फार हौस होती. आबा आजारी पडले आणि तेविसाव्या वर्षापासून सगळा कारभार दादांच्या गळ्यात आला, ती हौस तशीच राहिली. घोडा आणला त्या रात्री ते दोन वेळा उठून तबेल्यात जाऊन आले. हे मला माहीत नव्हतं. मी त्या रात्री मित्रांबरोबर निपाणीत होतो.

जीप विकली. पाटल्या सोडवल्या. वहिनींनी त्या पुतणीच्या नावानं डब्यात ठेवल्या.

गादीवर पुतण्या बसला. मी खाली, उजव्या हाताला. वहिनींनी ओवाळलं. पंचांपैकी एक जण उठून बाहेर गेले, बाकीचे बसून राहिले, आणि आईनंच वहिनींच्या हातात तबक दिलं होतं त्यामुळं कुणी तोंड उघडलं नाही. शिवेवर तलवार पुतण्याला उचलेना, म्हणून त्याच्या मुठीवर माझी मूठ धरून आम्ही दोघांनी फांदीला लावली. पहिलं सोनं त्यानं आक्काला दिलं.

घोडा नऊ वर्षांचा आहे, मैदानी भाऊ. पहाटे मी आणि पुतण्या त्याला नदीवर नेतो.

वकीलसाहेब, वारसा नोंदीचा अर्ज दिला. आई, वहिनी, दोन्ही पोरं, आक्का, मी, सगळी नावं आहेत. कन्नड बाराखडी पुतण्याच्या पुस्तकातून चालू आहे. 'ळ' पर्यंत आलोय. नोटीस आली की स्वतः वाचून इथं टाकतो, चुकलं तर सांगा.