मदत हवी आहे: कंपनीचे फोन आणि घरचे पाहुणे, नाही कुठे आणि कसं म्हणायचं?

पंचवटी_कारंजा
मंडळी, जरा लवकर सांगा. कंपनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, घर पंचवटीत. घरी आल्यावरही कंपनीचे फोन थांबत नाहीत. त्यात रामकुंड जवळ, म्हणून सारखं कुणी ना कुणी दर्शनाला येऊन राहतं. मुलगी दहावीला आहे. प्राधान्यक्रमाची यादी करून भिंतीवर लावली, काही फरक नाही. "नाही म्हणायला शिका" एवढंच लिहू नका, ते कळतं. नेमकं करायचं काय?

सातपूर_सेकंड_शिफ्ट
काम कसलं? स्टाफ की वर्कर? शिफ्ट की जनरल? सुट्टी शनिवारी की रविवारी? फोन कोण करतं, साहेब की लाइनवरचे? हे कळल्याशिवाय काय सांगणार!

मोबाइल_मित्र
चौकशी कशाला? अँड्रॉइड असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब'ला रात्री ८ ते सकाळी ६ वेळ लावा. स्टार केलेल्या नंबरांनाच परवानगी द्या. 'रिपीट कॉलर' चालू ठेवा, म्हणजे त्याच नंबरावरून १५ मिनिटांत दुसरा फोन आला तर वाजेल. व्हॉट्सॲपचा ग्रुप कायमचा म्यूट करा. मात्र म्यूट असला तरी तुम्हाला टॅग केलं की नोटिफिकेशन येतं.

पंचवटी_कारंजा
क्वालिटीत आहे, स्टाफ, जनरल शिफ्ट. फोन सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरचे. ते लागोपाठ दोनदा लावतात, त्यामुळे डू नॉट डिस्टर्बचा उपयोग होत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
मग रोग मोबाइलमध्ये नाही. मशीनचं सेटिंग झाल्यावर फर्स्ट पीस, म्हणजे पहिला तयार पार्ट, तपासून कोण पास करतं? होल्डवरचा, म्हणजे शंका आल्याने अडवून ठेवलेला माल सोडायचा अधिकार कुणाला? दोन्ही तुमच्याच सहीवर असेल तर सुपरवायझर फोन करणारच, नाहीतर त्याची लाइन उभी राहते. तुम्ही फोन बंद ठेवलात तर तो साहेबांना लावेल आणि साहेब तुम्हाला.

ताई, आधी एक आठवडा प्रत्येक फोनची नोंद ठेवा: वेळ, पार्ट, कारण, आणि उत्तर कुठे लिहिलेलं असतं तर फोन टळला असता. बरेचसे फोन दोन-तीनच कारणांचे निघतात. मग निघण्याआधी १५ मिनिटं हँडओव्हर लिहा: चालू लॉट, होल्डवरचा माल आणि तो का धरलाय, उघडी कस्टमर कंप्लेंट, आज काय सोडायचं नाही. सुपरवायझरची सही घ्या. सही नसेल तर वही कुणी उघडत नाही.

ही नोंद घेऊन साहेबांकडे जा. "फोन नको" म्हणू नका. "ड्रॉइंगच्या टॉलरन्समध्ये असलेला फर्स्ट पीस शिफ्ट इन्स्पेक्टरने पास करायचा, डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल चालवायचा निर्णय, मात्र माझ्याचकडे" असं लेखी मागा. रात्री फोन तीनच गोष्टींना: अपघात, कस्टमरची लाइन थांबणं, चुकीचा माल गाडीत चढणं.

कायदा_बघा
ओव्हरटाइम मागा! आठवड्याला ४८ तासांवर दुप्पट दर.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
त्या स्टाफला आहेत. सुपरवायझर-मॅनेजर वर्गाला ओव्हरटाइम लागू होतो का ते पदनामावर नाही, प्रत्यक्ष कामावर आणि पगारावर ठरतं, वाद लांबतो. आणि कामानंतर फोन न घेण्याचा हक्क आपल्याकडे खासदाराने मांडलेल्या खासगी विधेयकापुरताच आहे, कायदा झालेला नाही. त्यावर भिस्त ठेवून साहेबांशी बोलायला जाऊ नका.

गोदाकाठ
सगळ्याचं मूळ तब्येतीत असतं. पहाटे साडेपाचला गोदापार्कवर तासभर चाला.

हिशेबी
तास आणायचा कुठून? आठवड्याचे १६८ तास. कामाचे ४८, झोप रोज ७ धरली तर ४९, पंचवटी ते अंबड जाऊन-येऊन रोज ८० मिनिटं म्हणजे सहा दिवसांचे ८. उरले ६३, दिवसाला ९. त्यात स्वयंपाक, आवराआवर, आंघोळ, बाजार, मुलीचा अभ्यास. ताई, तुमची यादी इथेच फसली. यादीत "मुलगी पहिली" लिहिलं, पण तिच्यासाठी घड्याळातला वेळ बांधला नाही. रात्री ८ ते ९ तिचा असं ठरलं, तर त्या तासात पूर्वी काय होत होतं ते कोण करणार, हेही तिथेच लिहा. पाहुण्यांचं सांगा: कुणाकडचे? किती रात्री? घरात कोण कोण?

पंचवटी_कारंजा
सासरचे. दोन-तीन रात्री. सासूबाई असतात, त्यांना माणसं आलेली आवडतात.

मखमलाबाद_रोड
अहो, हे आधी सांगायचं ना! मग "पाहुणे नकोत" ही मर्यादा टिकणारच नाही, ती सासूबाईंच्या माणसांवर येते. दार बंद करू नका, मुक्काम मोजा. दुपारचं जेवण कधीही, मुक्काम महिन्यात एकदा, एकच रात्र. डिसेंबरपासून दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत मुक्काम नाही. हे आधी सासूबाईंशी एकट्यात बोला आणि नातेवाइकांना तुमच्या मिस्टरांनी कळवायचं. सुनेने कळवलं की तो सुनेचा नकार होतो, मुलाने कळवलं की घराचा निर्णय.

मेसेज साधारण असा: "आत्या, परीक्षा संपेपर्यंत घरी मुक्कामाची सोय होणार नाही. दर्शनाला आलात की दुपारी जेवायला नक्की या. राहायची खोली मी बघून देतो." कारणं लांबवू नका. "खोली लहान आहे" म्हटलं की "आम्ही हॉलमध्ये झोपू" असं उत्तर तयार असतं. आणि "बघू", "कळवते" हे शब्द टाळा, समोरचा ते होकारातच धरतो.

त्र्यंबक_रोड
पूजेला येणाऱ्यांसाठी: नारायण नागबळी तीन दिवसांचा विधी, त्यासाठी त्र्यंबकलाच राहायचं असतं. कालसर्प एका दिवसात होतो. गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास त्र्यंबकला आहे.

पंचवटी_कारंजा
पूजेचं कुणी विचारलं नव्हतं, पण हे बरं झालं. गेल्या वेळी आलेले नागबळीसाठीच आले होते.

गोदाकाठ
आपलीच माणसं, त्यांना भक्तनिवासात पाठवायचं? शोभतं का?

मखमलाबाद_रोड
विधी तिथे, मुक्काम पंचवटीत, म्हणजे रोज तीस-एक किलोमीटर जायचं आणि यायचं. त्यात त्यांचेच हाल. सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा तर हे आताच ठरवा. २०१५ ला पर्वणीच्या दिवशी गाड्या शहराबाहेर थांबवल्या होत्या, लोकांना बरंच चालावं लागलं. पंचवटीतलं घर म्हणजे सगळ्यांचा आसरा. कोणत्या तारखांना किती माणसं, अंथरुणं किती, रात्रीचा स्वयंपाक घरचा की डबा, हे मिस्टरांकडून लिहून घ्या आणि दिवाळीत सगळ्यांना एकदमच सांगा.

हिशेबी
दोन्ही आघाड्या एकाच आठवड्यात उघडू नका. आधी कंपनी, कारण तिथे नोंद दाखवता येते. सुरुवातीला फोन वाढतील, लोक जुनी सवय ताणून बघतात. त्या दिवसांत एकदा जरी "बरं, आजच्या दिवस" म्हणून फर्स्ट पीस फोनवर पास केलात, तर वही पुन्हा कोरी राहील.

पंचवटी_कारंजा
उद्यापासून फोनची नोंद सुरू करते. हँडओव्हरवर सुपरवायझरने सही नाकारली तर?

सातपूर_सेकंड_शिफ्ट
भांडू नका. त्याच पानाचा फोटो शिफ्टच्या ग्रुपवर टाका, त्याला टॅग करा, साहेब ग्रुपमध्ये असू देत.