मॅक्रोचा एलईडी फोटोत पट्टे पाडतो, मध्येच विझतो. दुसरा कोणता घेऊ?

चोपडेकर
राम राम मंडळी. आमची कपाशी आहे. पानाखालचे तुडतुडे, फुलकिडे, मावा यांचे मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो काढतोय, वडिलांना आणि शेजाऱ्यांना कीड ओळखता यावी म्हणून. लेन्सच्या तोंडावर बसणारा यूएसबीचा गोल एलईडी घेतला. फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, आणि पॉवर बँकेला लावला की अर्ध्या मिनिटात विझतो. किडे बिचकू नयेत म्हणून उजेड अगदी कमी ठेवतो. कॅमेऱ्याचं सायलेंट (बिनआवाजाचं) शटर, १/२०० सेकंदावर. दुकानदार बदलून द्यायला तयार नाही. दुसरा कोणता घ्यावा?

तापीकाठ
भाऊ, पैसे घालवायची घाई करू नका. पट्टे चार्जरवरही येतात का? आणि उजेड पूर्ण केला तर?

चोपडेकर
चार्जरवरही येतात. उजेड पूर्ण करून पाहिलाच नव्हता. आता पाहिला, पट्टे गेले! हाऊ काय प्रकार शे?

तापीकाठ
मग दिवा चांगला आहे. घरातल्या दिव्याखाली पट्टे आले तर ते बहुतेक विजेमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो, शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की भागतं. पण पॉवर बँकेत घरची वीज कुठून येणार? तुमचे पट्टे उजेड कमी करायच्या बटणाचे. असे बरेच दिवे खरे मंद होतच नाहीत, फार वेगाने चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही. सायलेंट शटर मात्र सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग, ओळीओळीने वाचतं. ज्या ओळींच्या वाट्याला अंधार जास्त, तिथे काळा पट्टा.

विझण्याचं मूळही तेच बटण असावं. उजेड कमी केला की दिवा वीज फार थोडी ओढतो, पॉवर बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती स्वतःहून बंद होते.

म्हणून बटण कायम पूर्णावर ठेवा आणि दिव्यापुढे बटर पेपरचे दोन थर चिकटवा. उजेड मऊ होतो, किड्याच्या चकचकीत पाठीवर गोल कडंही उमटत नाही. शिवाय मॅक्रोत उजेड कमी ठेवणं परवडतच नाही. १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, एफ/८ हे लेन्सच्या छिद्राचं माप साधारण एफ/१६ या बारीक छिद्रासारखं वागतं, म्हणजे चौथाईच उजेड सेन्सरवर पोचतो.

सोनगीरची
माझं मत थोडं वेगळं. वाऱ्याने पान हलतं तिथे एलईडी अपुराच पडतो. फ्लॅशची लखलख इतकी क्षणिक असते की हललेलं पानही स्थिर दिसतं. एलईडी फोकस साधायला ठेवा, फोटो फ्लॅशवर काढा. फ्लॅश नसेल तर उजाडता उजाडता जा, वारा पडलेला असतो आणि गारव्यात किडेही सुस्त असतात. पान तोडू नका दादा, तुडतुडे लगेच उडतात.

आणि पूर्ण उजेडावर दिवा तापतो. आपल्याकडच्या उन्हात तर फारच. मधून मधून बंद करत जा.

चोपडेकर
ताई, भाऊ, आज सकाळी साडेसहाला गेलो. बटर पेपर दोन थर, बटण पूर्ण. पॉवर बँक वीस मिनिटं चालली, पट्टा एकही नाही. तुडतुड्याच्या मागच्या पायावरची काट्यांची रांग दिसतेय. वडिलांनी फोन हातातून सोडला नाही. फ्लॅशचं दिवाळीनंतर बघतो, कापूस विकल्यावर.