वाळलेल्या रक्ताचे ठिपके दहा वर्षं टिकवायचे आहेत – मदत हवी आहे

नंदुरबार भागातल्या सिकल सेल तपासणीची साधारण ६०० कार्डं (व्हॉटमन ९०३, म्हणजे रक्ताचे थेंब टिपायचा जाड गाळणकागद) आहेत. एचबीबी जनुकाचा (सिकल सेलचा बदल यातच असतो) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून करायची तपासणी, आता होईल, पण उरलेले ठिपके पुढे १० वर्षं डीएनएसाठी वापरता यायला हवेत. फ्रीझर उणे २० अंश सेल्सिअसचाच आहे आणि पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. उणे ८० शिवाय भागेल का?

प्रतिसाद १
भागेल. डीएनएला थंडीपेक्षा कोरडेपणा जास्त लागतो. कागदात ओल राहिली की पाणीच डीएनएची साखळी तोडत जातं, वर बुरशी धरते. त्यामुळे खरी मेहनत फ्रीझरच्या आधी आहे.

कार्डं आडवी, एकमेकांना न चिकटता, सावलीत किमान ३-४ तास वाळवा. पावसाळी हवेत रात्रभर ठेवा, शक्यतो एसी किंवा डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीत. ठिपका सगळीकडे सारखा गडद तपकिरी दिसला पाहिजे. ऊन किंवा हेअर ड्रायर अजिबात नको: उष्णतेने प्रथिनं कागदाला घट्ट बसतात आणि पुढे रक्त नीट सुटत नाही.

मग दोन कार्डांमध्ये ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद घाला. जाड झिप-लॉक पिशवीत पाच कार्डांमागे एक ग्रॅमच्या दोन-तीन सिलिका जेल पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड ठेवा, हवा दाबून काढा. त्या कार्डावरची ३० टक्क्यांची खूण गुलाबी झाली की पुड्या बदला.

प्रतिसाद २
वीज जाण्यापेक्षा पिशवी गार असताना उघडणं जास्त घातक. हवेतलं बाष्प थेट ठिपक्यावर साचतं. बंद पिशवी तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा. वारंवार उघडावी लागू नये म्हणून आताच दोन संच करा: प्रत्येकाचे दोन ठिपके राखीव पिशवीत, बाकीचे वापरायला. कापलेल्या दोन्ही तुकड्यांवर सांकेतिक क्रमांक पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलने पुसली जाते.

आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर असेल तर तो टाळा, त्यात तापमान सतत खालीवर होतं.

धागाकर्ता
एका पंचमधून (ठिपक्यातून कापलेल्या गोल चकतीतून) किती डीएनए मिळेल? काही नमुने हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) नळीतले आहेत.

प्रतिसाद १
३ मिमीच्या पंचमध्ये साधारण ३ मायक्रोलिटर रक्त असतं. मायक्रोलिटरमागे ६,००० पांढऱ्या पेशी आणि पेशीमागे ६.६ पिकोग्रॅम धरले तर कागदावर १२० नॅनोग्रॅम होतात. हाती येतं ते याहून बरंच कमी, तरी सिकल सेलचा जनुकातला एक बदल तपासायला पुरतं.

हेपॅरिन मात्र पीसीआर अडवतं. ते नमुने वेगळे खुणावून ठेवा, पुढे ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन) नळीतलंच रक्त घ्या. हीमही (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) अडथळा करतं, म्हणून कापलेली चकती आधी नीट धुवायची. दोन नमुन्यांच्या मध्ये कोऱ्या कागदावर दोन-तीनदा पंच मारा आणि त्यातली एक कोरी चकती पीसीआरच्या प्रत्येक बॅचमध्ये चालवा. तिच्यात बँड (डीएनए असल्याची पट्टी) आला तर एका नमुन्याचं रक्त दुसऱ्यात गेलं असं समजा, ती अख्खी बॅच पुन्हा करावी लागेल.