अनुभव धागा: मिस्टर बीनच्या पंधरा भागांतला तुमचा भाग कोणता?

परवा आमच्या गावच्या पानठेल्यावर वाद पेटला. एका पोट्ट्याच्या मोबाइलवर मिस्टर बीन चालू होता. बघता बघता सातवीतल्या पोरापासून सत्तरीच्या बाबाजीपर्यंत सगळे 'टर्कीवाला भारी', 'नाही, परीक्षेचाच' असं तावातावानं बोलू लागले. म्हणून हा धागा.

रोवन ॲटकिन्सनची ही विनोदी मालिका इंग्लंडात आयटीव्ही या चॅनलवर १ जानेवारी १९९० ला सुरू झाली आणि १९९५ मध्ये आटोपली. भाग मोजून पंधरा, म्हणजे एकच पर्व समजा. नंतरचं कार्टून आणि सिनेमे इथे नकोत. तुमचा भाग सांगा आणि तो तुमच्या घरी कसा पोचला तेही सांगा. गावाकडचे अनुभव हवे आहेत. सुरुवात मी करतो.

राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

माझा भाग टीव्हीचा. बीन नवा टीव्ही घरी आणतो आणि एरियल हातात धरून खोलीभर फिरतो. चित्र स्वच्छ दिसतं, पण तो अशा कोपऱ्यात उभा असतो की तिथून त्याला पडदाच दिसत नाही. खुर्चीत येऊन बसला की पुन्हा मुंग्या. शेवटी स्वतःचे कपडे काढून तो आपला पुतळा बनवतो. मोठ्या खटपटीनं एकदाचं जमतं, आणि तेवढ्यात नाणी टाकून चालणाऱ्या विजेच्या मीटरमधले पैसे संपून वीज जाते.

आमच्याकडे अँटेना कवेलूच्या छपरावर बांबूला बांधलेला होता. वारा सुटला की बाबा वर चढायचे, मी खाली दारात आणि आई टीव्हीसमोर. "आलं का बे?" "आलं, आलं... गेलं!" एका दिवाळीच्या दिवसांत बाबांनी बांबू एका हातानं तिरपा धरला आणि चित्र असं लख्ख आलं की आम्ही ओरडलो, "बाबा, हलू नका!" माणूस अर्धा तास तसाच उभा राहिला. आम्ही आत हसत होतो, ते वर थंडीत. खाली उतरले तेव्हा तळहातावर बांबूच्या फासा होत्या. आईनं चिमणीच्या उजेडात सुईनं एकेक काढली.

पुढे गावात केबल आली, पोगो हे पोरांचं चॅनल आलं आणि बाबांनी हा भाग पाहिला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "हे तं आपल्याच घरचं दाखवून राह्यले!" तेव्हा भारनियमनाचे दिवस होते, बीनची वीज गेली आणि पाठोपाठ आमचीही. अंधारात बाबा अजून हसतच होते. त्यांचं तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही, म्हणून माझ्यासाठी हाच भाग पहिला.

वडसा, जि. गडचिरोली

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीवर विनोदी भूमिका करतो. दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो, नाटक रात्री उभं राहतं ते पहाटेपर्यंत. हॉटेलातल्या कच्च्या मांसाचा भाग मी सीडीवर किती वेळा पाहिला याचा हिशोब नाही. बीननं नाव वाचून काहीतरी मागवलेलं असतं आणि पुढ्यात येतो कच्च्या खिम्याचा गोळा. मालक आपुलकीनं विचारतो, म्हणून नाही म्हणता येत नाही. मग तो एकेक घास लपवत जातो. पावात, फुलदाणीत, साखरेच्या भांड्यात, शेजारच्या बाईच्या पर्समध्ये, अगदी व्हायोलिनवाल्याच्या पँटमध्येही.

यातली कारागिरी बघा. लपवायच्या आधी त्याची नजर जागा शोधते, मग मान वळते, हात सगळ्यात शेवटी जातो. त्यामुळे काय होणार हे प्रेक्षकाला क्षणभर आधी कळतं आणि हसू तिथेच फुटतं. नवीन पोरं आधी हात चालवतात, म्हणून त्यांचा विनोद मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. मी हे माझ्या प्रवेशात वापरलं. सासुरवाडीत जावयाला कारल्याची भाजी वाढलेली आणि शेजारी सासऱ्याची टोपी काढून ठेवलेली. मी फक्त टोपीकडे पाहिलं, हात हललाही नव्हता, तोच मंडपाच्या पार टोकाला तट्ट्याजवळ बसलेल्या बाया हसल्या. हे मी त्या माणसाकडून शिकलो आणि ते मानानं सांगतो.

धारणी तालुका, मेळघाट

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिलीत येणाऱ्या माझ्या मुलांची घरची भाषा कोरकू, मराठी त्यांना शाळेतच भेटते. सुरुवातीचे महिने वर्ग गप्प असतो. एकदा लॅपटॉपवर त्यांना परीक्षेचा भाग दाखवला. बीन पेनांची रांग मांडतो, पेपर पाहून हादरतो, शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावायचे सगळे प्रकार करतो. शेवटी कळतं की पाकिटात दोन पेपर होते, त्याला येत असलेला पांढरा त्यानं बाहेर काढलाच नाही.

बोलणं जवळजवळ नाहीच, म्हणून माझी मुलं आणि मी एकाच वेळी हसलो. वर्गात असं पहिल्यांदाच झालं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी, जिचा आवाज मी ऐकलेलाच नव्हता, पुढे आली आणि निम्मं कोरकूत, निम्मं मराठीत सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली. आणि चाचणीच्या वेळी प्रत्येकानं कागद उलटून पाहिला. "बाई, आजून हाय का?"

मोर्शी, जि. अमरावती

टर्कीचा! घड्याळ नाताळच्या टर्कीत (कोंबडीसारखा मोठा पक्षी) पडतं, ते शोधायला हा डोकं आत घालतो आणि अडकतो. माझ्या पुतण्यानं हे पाहून भाताच्या गंजात (पातेल्यात) डोकं घातलं. गोडेतेल चोळून, कान दुमडून काढावं लागलं. तरी भाग हाच.

लोणार तालुका, जि. बुलढाणा

मला एक भाग बघवत नाही, तोही इथे सांगतो. बसथांब्यावर एक माणूस छाती धरून कोसळतो, बीन त्याला वाचवायला नाना उद्योग करतो. मग रुग्णवाहिका येते आणि हा तिच्या बॅटरीवर आपली गाडी सुरू करून निघून जातो. मागे रुग्णवाहिका बंद. सगळे हसतात. माझ्या वडिलांना नेणारी गाडी भर रस्त्यात बंद पडली होती. आम्ही चौघांनी धक्का मारला. वडील वाचले नाहीत. भागाचा दोष नाही, रचना उत्तमच आहे. पण तो लागला की मी अंगणात जातो आणि बायको न बोलता चॅनल बदलते.

आर्वी तालुका, जि. वर्धा

माझा भाग नाताळचा, पण टर्कीसाठी नाही. त्यात बीन आपल्याच दारातून स्वतःला शुभेच्छापत्रं टाकतो आणि ती आल्याचं आश्चर्य करतो. आम्ही पोरी हसत होतो. आजी वाती वळत बसली होती, तिचे हात थांबले. "याले कोणीच नाही का वो माय? आपल्याच हातानं आपल्याले पत्र टाकते बिचारा." त्यानंतर तो टीव्हीवर दिसला की ती विचारायची, "जेवला का थो?"

त्याच्याजवळ एकच खेळण्यातलं अस्वल आहे हे तिच्या मनात राहिलं. त्या उन्हाळ्यात तिनं जुन्या तपकिरी शालीचं एक अस्वल शिवलं, पोलक्याची बटणं डोळ्यांना लावली आणि आत घरचा कापूस भरला. मला म्हणाली, "पाठवून दे त्याले. दोघं असले का मंग जमते." मी हो म्हटलं. पत्ता काय टाकायचा हे कळेना, आणि तिला तसं सांगवेनाही. अस्वल आलमारीत माझ्या लग्नाच्या शालूजवळ आहे. आजीची नजर उतरली होती, हातानं सरकी काढताना एक राहून गेली. अस्वलाचा डावा पाय दाबला की ती अजून बोटाला लागते.