हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी सहा प्लेटांत सहा तऱ्हेची, मदत हवी आहे

तापीकाठ: सोमवारी गाईडना दाखवायचंय. चोपडा, अमळनेर, शिरपूर, साक्रीकडची मर लागलेली हरभऱ्याची झाडं आणून फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम वेगळी केली. सहा आयसोलेट (झाडांतून वेगळे काढलेले बुरशीचे नमुने). एक कापसासारखी पांढरीफेक, एक खालून पाहिली तर पिकल्या जांभळाच्या रंगाची, एक चपटी नि चिकट, वर तंतूच नाहीत. या वेगवेगळ्या रेस (एकाच बुरशीचे उपप्रकार) धरायच्या का? लवकर सांगा.

काळी_माती: माध्यम कोणतं? तापमान? किती दिवसांची वाढ? सिंगल स्पोर (एकाच बीजाणूपासून वाढ) केलंय का?

तापीकाठ: पीडीए (बटाट्याचं माध्यम), २७ अंश, ७ दिवस. सिंगल स्पोर चारांचं झालंय. चपटीचं आणि साक्रीच्या आयसोलेटचं राहिलंय.

रावेरकर: राम राम भो. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून टाका. माझ्या केळीच्या बागेत दरवर्षी टाकतो.

तापीकाठ: दादा, शेतातला उपाय नकोय, प्लेटमधला फरक कळत नाहीये.

प्रयोगवही: जांभळी असेल तर जहाल रेस. आम्ही रंगावरूनच गट पाडले होते.

काळी_माती: गट पाडा, पण त्याला रेस म्हणू नका. उजेड, आम्लता, माध्यमाची बॅच बदलली की रंग बदलतो. रेस ठरते ती ठरावीक वाणांच्या संचावर, कोणता वाण मरतो नि कोणता तगतो ते पाहून. हवारे आणि नेने यांनी १९८२ साली भारतातल्या चार रेस अशाच दाखवल्या: हैदराबाद, कानपूर, गुरदासपूर, हिसार. जेजी-६२ हा मरीला हमखास बळी पडणारा वाण सोबत लावाच, तो मेला नाही तर तुमचं इनॉक्युलेशनच (मुद्दाम लागण करणं) फसलं.

प्रयोगवही: मग आयटीएस (बुरशीच्या डीएनएचा एक तुकडा) सिक्वेन्स करा, लवकर निकाल.

काळी_माती: आयटीएसवरून रेस वेगळ्या होत नाहीत. तापीकाठ, चपटी कितव्यांदा सबकल्चर केलीये (नव्या माध्यमावर उतरवलीये)?

तापीकाठ: आठ-नऊ वेळा झालं असेल. पहिली स्लांट (तिरक्या माध्यमाची ट्यूब) फ्रीजमध्ये आहे.

काळी_माती: हे आधी सांगायला हवं होतं! फ्युजॅरियम पुन्हा पुन्हा पीडीएवर उतरवली की तंतू झडून अशी चिकट होते, कधी रोग पाडायची ताकदही जाते. तो फरक शेतातला नाही, तुमच्या ट्यूबमधला आहे. पहिल्या स्लांटवरून पुन्हा उचला. आणि खोडं उभी चिरून पाहिली होती का?

तापीकाठ: पाच झाडांत मधोमध काळपट रेघ होती. साक्रीच्या झाडात नव्हती, मुळं मात्र कुजलेली होती.

काळी_माती: मग ती मर नसेलच, मूळकूज असेल. सूक्ष्मदर्शकाखाली बघा. लहान बीजाणूंचे गोळे आखूड देठांवर असतील तर ऑक्सिस्पोरम, लांब देठांवर असतील तर सोलानी, म्हणजे फ्युजॅरियमचीच दुसरी जात.

शिरपूर_शिवार: रब्बीला हरभऱ्याचा दिग्विजय वाण पेरू की विजय? कोणी सांगेल का?

तापीकाठ: साक्रीची स्लाइड आत्ता पाहिली. देठ लांब आहेत. म्हणजे पाचच आयसोलेट उरले. चपटीची जुनी स्लांट बाहेर काढलीये, पण सोमवारपर्यंत सात दिवसांची वाढ होणार नाही. गाईडना काय सांगू?