'देवाची इच्छा' हा शब्द निर्णयाच्या आधीचा की नंतरचा?

पानाआडची:
अडलेय, मदत हवी. एक छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतेय. नोकरी, लग्न, शिक्षण असे निर्णय घेताना ख्रिस्ती माणसाने देवाची इच्छा कशी ओळखावी, हा विषय. पहिल्या प्रकरणाला मी सरळ नाव दिलं, 'देवाची इच्छा'. काल आत्या तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं ऐक, आणि मथळा मोठ्याने वाचला. तिचा हात सुपातच थांबला. म्हणाली, "कोण गेलं गं?"

रात्रभर तेच डोक्यात. खरंच, आपण हे शब्द सगळं होऊन गेल्यावर म्हणतो. माणूस गेला, पीक बुडालं, ठरलेलं लग्न मोडलं, की 'देवाची इच्छा'. पुढे काय करावं या विचारात असलेला माणूस तसं म्हणताना मी ऐकलेला नाही. आत्या जन्मापासून ख्रिस्ती आहे, रोज 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणते. तरीही तिच्या कानाला तो शब्द मयतीचाच लागला. मला आधीचा शब्द हवाय. कोणता?

नगरी बोली:
तुमच्या आत्यांचं बरोबर आहे. 'ईश्वरेच्छा बलीयसी' हे तर निधनाच्या बातमीतच छापलेलं असतं.
आमचं नगर जिल्ह्यातलं घर, माझी चौथी पिढी. आजोबा 'देवाची इच्छा शोधतो' असं कधी म्हणत नसत. ते म्हणत, 'देवाला विचारतो.' बैल विकायचा असो की मुलीला बोर्डिंगात घालायचं असो, 'थांब, विचारतो,' आणि उठून आतल्या खोलीत जात. आता सगळे 'प्रार्थना करून सांगतो' म्हणतात आणि त्याचा अर्थ नकार झालाय. बहिणीच्या स्थळाच्या वेळी तीन महिने 'प्रार्थनेत ठेवलंय' ऐकलं, मग मुलाचा साखरपुडा दुसरीकडे झाल्याचं बाहेरून कळलं. स्पष्ट 'नको' म्हटलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं. पुस्तिकेत हा शब्द घालाल तर जपून घाला.

तळकोकण:
मी ख्रिस्ती नाही, पण 'देवाला विचारणं' वाचून राहवलं नाही. आमच्याकडे त्याला कौल लावणं म्हणतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतो, मग सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवी पडली की होकार. लहानपणी आजीच्या मांडीवरून एकच पाकळी बघत बसल्याचं अजून आठवतंय. पुढच्या गोष्टीसाठी देवाची इच्छा विचारणारा तयार मराठी शब्द हाच. 'देवाचा कौल' म्हणा.

वसईकरीण:
तळकोकण, शब्द सुरेख आहे, पण आमच्या चर्चमध्ये कोणी स्वीकारणार नाही. कौलात हो किंवा नाही एवढंच येतं आणि माणसाला फक्त बघत बसायचं असतं. आम्हाला फादर शिकवतात की मनात काय उसळतंय, कशाने शांती टिकते आणि कशाने दोन दिवसांत उडून जाते, हे स्वतः बघायचं. ही संत इग्नाशियसची रीत. ती पाकळी पडण्यासारखी एका क्षणात उरकत नाही.

तळकोकण:
पण बायबलात चिठ्ठ्या टाकल्याच आहेत ना? आमच्या कॉलेजातल्या ख्रिस्ती मास्तरांनीच सांगितलं होतं.

वसईकरीण:
आहेत. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी नवा प्रेषित घ्यायचा होता, दोघांची नावं होती, चिठ्ठी मत्थियाची निघाली. आजही होतं, २०१२ साली कैरोत कॉप्टिक चर्चचा पोप निवडताना डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाने तिघांतून एक चिठ्ठी उचलली. पण मत्थियाची चिठ्ठी निघाली ती पवित्र आत्मा उतरण्याच्या आधी. त्यानंतर नव्या करारात प्रेषितांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं कुठे दिसत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं.

धातुपाठ:
कौल हा मूळ अरबी. अर्थ बोल, वचन. कौलनामा त्यातलाच. म्हणजे 'देवाचा कौल' म्हणजे अक्षरशः देवाचा शब्द. (छपरावरच्या कौलाशी गल्लत नको.)

शुद्धमराठी:
मग धार्मिक लेखनात अरबी शब्द कशाला? 'ईश्वरी संकल्प' म्हणावं. बायबलात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात २९व्या अध्यायात 'संकल्प' आहेच.

नगरी बोली:
संकल्प म्हटलं की आमच्या घरी अर्थसंकल्प आठवतो आणि शेजारी सत्यनारायणाला सोडलेलं पाणी. 'योजना' म्हणाल तर ती सरकारी वाटते.
आणि यिर्मयाचं ते वचन तरुण पोरं भिंतीवर लावतात, जणू देव त्यांच्या नोकरीबद्दल बोलतोय. 'तुमच्याविषयी' असं आहे तिथे. मराठी बायबलात देव एकट्या माणसाला 'तू' म्हणतो, अहोजाहो करत नाही. म्हणजे ते 'तुमच्या' अनेकांना उद्देशून आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते, आणि त्यांना सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. आपल्या भाषेनेच ही खूण ठेवलीय, पण कोणी बघत नाही.

वसईकरीण:
अरबी-फारसीच्या वादात मला पडायचं नव्हतं, पण शुद्धमराठी, ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून जे उभं केलं त्याचं नाव 'देवाचा दरबार'. दरबार फारसीच. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बाईला कळावं म्हणून. तुमचा 'ईश्वरी संकल्प' त्या बाईला कळेल का? आणि गोव्यातली कोंकणी 'आमच्या बापा' ऐका: 'तुजी खुशी सर्गार जाता तशी संवसारांत जांव.' इच्छेच्या जागी खुशी! ती प्रार्थना पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देवाला कशाने बरं वाटेल, असा अर्थ त्यात आपोआप येतो.

शुद्धमराठी:
रमाबाईंना साधी मराठी हवी होती, मिसळलेली नव्हे. आणि मराठीत 'तुझी खुशी' म्हणजे 'कर तुला हवं ते'. प्रार्थनेत ते उद्धट वाटेल. माझं मत तेच.

धातुपाठ:
मूळ प्रश्नाकडे येतो. बायबलातल्या रोमकरांस पत्रात (१२:२) देवाची इच्छा 'समजून घ्यावी' असं मराठीत आहे. तिथलं ग्रीक क्रियापद दोकिमाझो. ते धातूचा कस बघण्यासाठीही वापरत. म्हणून 'देवाची इच्छा पारखणे'. 'शोधणे' नको, त्यात ती किल्लीसारखी हरवलीय असं वाटतं. अर्थात शोधणे हे शुध् वरून आलंय, म्हणजे मुळात स्वच्छ करणं.

पानाआडची:
म्हणजे तांदूळ निवडल्यासारखं?

धातुपाठ:
अगदी. 'निवडणे' बघा ना, खडे काढणं आणि पसंत करणं, दोन्हीला एकच शब्द.

नगरी बोली:
'पारखणे' मला खटकतं. मुलगी पारखतात, बैल पारखतात. देवाला पारखायचं?

धातुपाठ:
देवाला नव्हे हो, समोरच्या वाटांना.

उंबरठा:
इतके दिवस नुसती वाचत होते. शब्द कोणताही घ्या, पण 'देवाने मला सांगितलं' हे वाक्य त्या पुस्तिकेत शिकवू नका. मी एकोणीस वर्षांची असताना मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं आणि हेच म्हणाले. त्यापुढे काय बोलणार? नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं झालं. आईने धीर करून नकार दिला, तर वर्षभर आमच्याशी कोणी नीट बोललं नाही. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमची मंडळी काय लिहिते बघा: 'पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले.' वाटले! प्रेषित 'वाटले' म्हणतात. तेही सगळ्यांनी बसून, वाद घालून झाल्यावर.

नगरी बोली:
ताई, हे आधी सुचायला हवं होतं. आजोबा विचारून आल्यावर म्हणायचे, 'मला असं वाटतंय, तुम्हाला काय वाटतं?'

पानाआडची:
उंबरठा ताई, ते वचन पुस्तिकेत टाकतेय.
आज आत्यालाच विचारलं, की तू नर्सिंगला गेलीस तेव्हा कसं ठरवलंस. ती म्हणाली, "देवाला धरून ठरवलं." म्हटलं, म्हणजे काय? "म्हणजे सोडलं नाही त्याला. भीती वाटत होतीच की." नियमाला धरून, रीतीला धरून, तसं देवाला धरून. मथळ्यात 'देवाला धरून' चालेल?

शुद्धमराठी:
मथळा म्हणून अर्धवट वाटतो. क्रियापद हवं.

वसईकरीण:
मला आवडला. पण त्यात विचारणं येत नाही ना? नुसतं धरून राहणं येतं.

तळकोकण:
विचारण्यासाठी 'गाऱ्हाणं' घ्या की.

वसईकरीण:
आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. स्तोत्र १४२ मध्ये दावीद गुहेतून मांडतो तसं.

तळकोकण:
तक्रार नाही हो. गाऱ्हाण्यात आधी देवाची, गावाची, पूर्वजांची आठवण काढतात, मग मागणं. आणि गाऱ्हाणं घालतात, मांडत नाहीत.

धातुपाठ:
'घालणे' का, हा चांगला प्रश्न आहे. साकडंही घालतात. कोणाकडे जुनी उदाहरणं आहेत का?