आजीची बिस्किटं जमत नाहीयेत, कसली पावडर असेल?

खादाडखाऊ
लहानपणी आजी बिस्किटं करायची. पातळ, कडक, मोडली की आत बारीक बारीक पोकळ्या दिसायच्या आणि चावलं की भुगा. घट्ट झाकणाच्या डब्यात कितीही दिवस ठेवली तरी सादळायची नाहीत. आता आजी नाही, आईलाही आठवत नाही, मावशीकडे एक चिठ्ठी सापडली त्यात नुसतं मैदा दोन कप, साखर एक कप, लोणी, पावडर चिमूटभर, दूध बेताचं, बास! कसली पावडर ते देव जाणे. बेकिंग पावडर घालून बघितली, सोडा घालून बघितला, फुगतात पण मऊ पडतात आणि सोडा जरा वाढवला की साबण खाल्ल्यासारखं लागतं. अजून एक आठवतंय, भाजताना असा उग्र वास सुटायचा की डोळे चुरचुरायचे, आजी आम्हाला स्वयंपाकघरातून हाकलून लावायची. गार झाली की वासाचा मागमूस नाही. कुणाला काही अंदाज?

भट्टीवाला
अहो तुमचं उत्तर त्या वासातच आहे. अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीत नुसतं अमोनिया म्हणतात, बिस्किटाच्या पुड्यावर घटकांमधे ५०३ नंबर दिसतो ना तेच. हे तापलं की त्याचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, म्हणजे सगळं उडून जातं, मागे काहीच उरत नाही. सोड्याचं तसं नाही, जास्त झाला की त्याचा क्षार बिस्किटात राहतो, तुम्हाला साबण लागतोय तो हाच. फार पूर्वी हे हरणाची शिंगं भट्टीत तापवून काढायचे, बेकिंग पावडर नंतर आली. फक्त केकला वापरू नका, जाड आणि ओलसर पदार्थातून वायू पूर्ण बाहेर पडत नाही आणि मग खाताना नाक मुरडावं लागतं. पातळ, कोरड्या बिस्किटालाच हे चालतं.

मोजूनमापून
पावडरीचं सुटलं असं धरलं तरी कपाचं काय? अमेरिकन कप साधारण २४० मिलि, मेट्रिक २५०, जुना ब्रिटिश २८४, आणि आजीचा कप म्हणजे बहुतेक दांडी तुटलेला चहाचा कप, तो यातल्या कशातच बसणार नाही. त्यात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम आणि दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. तो कप अजून घरात असेल तर आधी शोधा, भरा आणि वजन करा. कप नसेल तर चिठ्ठीतलं प्रमाण तेवढं धरा, मैद्याच्या निम्मी साखर, कुठल्याही एकाच कपाने. आणि मावशींना काय घालायची असं विचारू नका, पटकन काहीतरी सांगून मोकळ्या होतील. पावडरीची बाटली कुठे ठेवलेली असायची, कोण आणून द्यायचं, लोणी वितळवून घ्यायची की हाताने फेसायची, असं विचारा. हात काय करायचे ते माणसाला आठवतं, प्रमाण आठवत नाही.

कडूकारलं
विरजण घालतोय, माफ करा. सगळं तंतोतंत जमलं तरी ती चव लागेलच असं नाही. पोरांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं आणि वयाबरोबर नाकही मंदावतं. बाकी संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या मधल्या केंद्रामार्गे जातात, वास मात्र थेट भावना आणि आठवणींच्या भागाशी जोडलेला, म्हणून बिस्किटाबरोबर अख्खं स्वयंपाकघर आठवतं आणि आपण ते सगळं बिस्किटाच्या खात्यावर जमा करतो. माझं मत, पोत जमवा, चवीच्या मागे लागू नका. पोत निदान डोळ्यांनी तपासता येतो.

खादाडखाऊ
@कडूकारलं पटलं, पण प्रयत्न सोडणार नाही 😄 @मोजूनमापून मावशीला बाटलीचंच विचारलं! काचेची छोटी बाटली, घट्ट बुचाची, आणि आजी ती तोंड लांब करून उघडायची म्हणे. लोणी हाताने फेसायची, वितळवायची नाही. @भट्टीवाला आता प्रमाण सांगा.

भट्टीवाला
बाटली तोंड लांब करून उघडायची म्हणजे अमोनियाच, शंका नको. घट्ट बूच पण त्याचसाठी, उघडा राहिला तर साध्या हवेतच हळूहळू उडून जातो, त्यामुळे जुना पडलेला घेऊ नका, खायचा आहे असं स्पष्ट सांगून ताजा घ्या. पाव किलो मैद्याला अर्धा टीस्पून पुरे. थंड दुधात विरघळवून घाला, गरम दुधात घातलात तर भट्टीत जायच्या आधीच जोर संपेल. ओव्हन १८० ला, खिडक्या उघड्या, आणि दार उघडताना तोंड वर नेऊ नका. कच्चं पीठ कुणाला चाटू देऊ नका. पहिला घाणा चारपाच बिस्किटांचाच टाका, मोडून वास घ्या, जरासा जरी अमोनिया येत असेल तर पुढची अजून पातळ लाटा आणि दोन मिनिटं जास्त ठेवा.